वूडीवर २.६: आधी टूल्स, मग कर्नल

मशीन जुनंच: पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स ३.० म्हणजे वूडी. बाकी सगळं २००२ सालातलं ठेवायचं आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तेवढा २.४ वरून २.६.८.१ वर न्यायचा, असं ठरवलंय. याहून फार पुढचा कर्नल घेता येत नाही, कारण वूडीत जीसीसी हा कंपायलर २.९५ आहे आणि २.६.१६ पासून किमान ३.२ लागतो.

शनिवारी कर्नल कंपाइल झाला, बूटही झाला. पण मॉड्यूल्सची (कर्नलला चालू असताना जोडायच्या तुकड्यांची) यादी दाखवणारं एलएसमॉड मारलं तर ‘क्यूएम_मॉड्यूल्स: फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मॉड्यूलमध्येच, त्यामुळे नेटही बंद. जुना कर्नल लिलो या बूट लोडरमध्ये ठेवला होता म्हणून निभावलं. तो काढू नका.

यामागचं कारण मला फार आवडलं. २.४ मध्ये मॉड्यूल जोडायचं काम इन्समॉड हा प्रोग्राम स्वतः करायचा. कर्नलकडून सिम्बॉलची (फंक्शन आणि व्हेरिएबलच्या नाव-पत्त्यांची) यादी मागायची, ‘.ओ’ फाइलमधले पत्ते भरायचे आणि तयार तुकडा कर्नलच्या हवाली करायचा. कर्नल डेव्हलपर रस्टी रसेल यांनी २.६ साठी ही सगळी जोडणी कर्नलच्या आत नेली. आता ‘.केओ’ फाइल आहे तशी कर्नलला दिली की झालं. यादी मागायचा सिस्टम कॉलच (कर्नलला विनंती करायची सोय) उरला नाही, मग वूडीचं मॉडयुटिल्स (इन्समॉड, एलएसमॉड यांचा जुना संच) बोलणार कुणाशी?

उपाय मॉड्यूल-इनिट-टूल्स, म्हणजे २.६ साठीचा नवा संच. प्रीफिक्स ‘/’ देऊन कॉन्फिगर, मग ‘मेक मूव्हओल्ड’ आणि त्यानंतरच ‘मेक इन्स्टॉल’. हा क्रम चुकवू नका. मूव्हओल्डमुळे जुना इन्समॉड ‘इन्समॉड.ओल्ड’ नावाने शिल्लक राहतो. नवा इन्समॉड आधी तोच जुना सिस्टम कॉल करून बघतो. उत्तर आलं तर कर्नल जुना आहे हे ओळखून काम ‘.ओल्ड’कडे सोपवतो. एकाच डिस्कवर २.४ आणि २.६ दोन्ही सुखाने बूट होतात. इतकी काळजी घेऊन लिहिलेलं टूल वापरताना खरंच आनंद होतो. डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज मॅनेजरला या बदलाचा पत्ता नसतो, म्हणून मॉडयुटिल्सला होल्ड लावून ठेवलाय, म्हणजे ते अपग्रेड होणार नाही.

मॉड्यूल्सची सेटिंग्ज असलेली मॉडप्रोब.कॉन्फ जुन्या फाइलवरून स्क्रिप्टने बनते, पण बदललेली नावं हाताने सुधारावी लागली: यूएसबीच्या यूएचसीआय ड्रायव्हरचं आता यूएचसीआय-एचसीडी झालंय. मॉड्यूल काढणारं आरएममॉड चालेना, कारण मॉड्यूल अनलोड हा २.६ मध्ये वेगळा पर्याय आहे आणि मी तो निवडलाच नव्हता. पुन्हा कंपाइल.

त्या दुसऱ्या खेपेला कीबोर्ड गेला. २.४ची कॉन्फिग फाइल तशीच आणली होती, २.६ मध्ये इनपुट, आय८०४२ (कीबोर्ड कंट्रोलर) आणि एटी कीबोर्ड हे पर्याय कर्नलमध्येच हवेत. तिसऱ्या खेपेला सगळं जागेवर आलं. ‘/सिस’ डिरेक्टरी बनवून एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या फाइलसिस्टिम्सच्या यादीत) सिसएफएस या २.६ च्या नव्या आभासी फाइलसिस्टिमची ओळ टाकली.

प्रॉकपीएसही (पीएस, व्हीएमस्टॅट वगैरे टूल्सचा संच) ३.२ मालिकेतलं घेतलं. पेज आणि स्वॅपचे आकडे २.६ मध्ये ‘/प्रॉक/स्टॅट’मधून ‘/प्रॉक/व्हीएमस्टॅट’मध्ये गेलेत, जुन्या व्हीएमस्टॅटला ते तिथे सापडत नाहीत. नव्यात डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ ‘डब्ल्यूए’ या रकान्यात दिसतो. १२८ एमबीच्या मशीनवर मला हाच रकाना हवा होता.

राहिलं ई२एफएसप्रॉग्ज, म्हणजे डिस्कची फाइलसिस्टिम तपासायची-दुरुस्त करायची टूल्स. वूडीत १.२७ आहे, कर्नलच्या ‘चेंजेस’ फाइलला किमान १.२९ हवं. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढतो, मग त्याला हात लावतो. सोर्समधली ‘व्हर_लिनक्स’ स्क्रिप्ट तुमच्याकडच्या टूल्सच्या आवृत्त्या एका दमात दाखवते. मी ती कर्नल कंपाइल करायच्या आधी चालवायला हवी होती.