तिला जायचं होतं

नव्या लेखकांच्या कथा वाचून शेरे लिहिणं हे माझं काम. घरात कुणाचं किती चालतं हे बघायचं असेल तर मी वर्णनं बाजूला ठेवते आणि क्रियापदांचे शेवट तपासते.

'तिने नोकरी सोडली' ही नुसती खबर झाली. 'तिला नोकरी सोडावी लागली' म्हटलं की न दिसणारं कुणीतरी पानावर येऊन बसतं. आणि 'तिने नोकरी सोडावी'? इथे घरचे, शेजारचे सगळे एका सुरात बोलतायत. पुढे 'असं सर्वांचं मत होतं' हे लिहायची गरजच उरत नाही.

शाळेत विध्यर्थाखाली, म्हणजे या 'सोडावी'सारख्या रूपांखाली, कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा अशी यादी घोकली होती. कर्तव्य आणि इच्छा एका रांगेत का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पण 'तिला जायचं होतं' हे वाक्य घ्या. हौस की सक्ती? नुसत्या वाक्यावरून ठरत नाही, आणि कथाकाराला याहून मोठं घबाड कुठलं मिळणार! परवा वाचलेल्या एका कथेत भाऊ विचारतो, "जायचंय तुला?" बहीण पिशवीची गाठ मारता मारता म्हणते, "जायचंय." तो इच्छा विचारतोय, ती सक्ती सांगतेय, शब्द मात्र तोच. लेखकाने लगेच खाली लिहिलं होतं, 'खरं तर तिला जाण्याची मुळीच इच्छा नव्हती.' ती ओळ मी सरळ खोडली. गाठीचं मात्र कौतुक केलं.

नकारात तर आणखी गंमत. 'तिला जाऊ दिलं नाही' यात अडवणारा उघड आहे, नाव घेतलं नाही तरी. 'तिला जाता आलं नाही' म्हणजे बहुधा परिस्थिती आडवी आली. 'तिला जाववेना' म्हणजे दार सताड उघडं, पण मन घेईना. व्याकरण याला शक्य क्रियापद म्हणतं. मला ते कथाकारासाठीच घडवल्यासारखं वाटतं. आणि 'तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही' यात बाहेरचा पहारा उठलाय, आता ती स्वतःच पहाऱ्यावर आहे.

एवढं सगळं हाताशी असताना हल्लीच्या कथांत जिकडेतिकडे एकच: 'ती जाऊ शकली नाही', 'ती बोलू शकली नाही', 'ती नाही म्हणू शकली नाही'. चूक काही नाही त्यात. मी फक्त प्रत्येकाभोवती गोल करते आणि समासात लिहिते: कुणी अडवलं?