त्रिशूळाची खूण असलेले पाच फ्रँक

गुजरीतल्या एका ओळखीच्या पेढीवर मागच्या महिन्यात मी एक फ्रेंच नाणे काट्यावर ठेवले आणि २४.८ ग्रॅम असा आकडा दिसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. टांकसाळीतून बाहेर पडताना त्याचे वजन २५ ग्रॅम असते, म्हणजे आपल्या राणीछाप रुपयाच्या दुपटीहून थोडे जास्तच. दीडशे वर्षे हातोहाती फिरलेल्या चांदीत एवढी घट यायचीच. वजन जुळले म्हणून नाणे खरे ठरत नाही हे मला ठाऊक होते, पण ते जुळले नसते तर पुढे पाहण्यासारखे काही उरलेच नसते.

हे नाणे १८७१ सालचे, पाच फ्रँकचे आहे. मधोमध हर्क्युलिस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वातंत्र्य व समता यांच्या स्त्रीमूर्ती, असा हा छाप पहिल्या फ्रेंच क्रांतीच्या काळात घडला आणि १८७०नंतर फ्रान्सने तो पुन्हा वापरात आणला, त्यामुळे या छापाची नाणी दुर्मिळ मुळीच नाहीत. माझ्या नाण्याचे वेगळेपण मागच्या बाजूला, खालच्या कडेजवळ, भिंग लावल्यावरच नीट दिसणाऱ्या एका बारीक त्रिशूळात आहे. १८ मार्च ते २८ मे १८७१ असे ७२ दिवस पॅरिस शहर कम्यूनच्या, म्हणजे तिथल्या बंडखोरांच्या क्रांतिकारी सरकारच्या, हाती होते आणि त्या दिवसांत तिथली टांकसाळ झेफिरँ कामेलिना या ब्राँझचे काम करणाऱ्या कारागिराने चालवली. टांकसाळीच्या प्रमुखाने आपली खूण नाण्यावर उमटवायची अशी तिथली रीत होती. आधीच्या प्रमुखाची खूण मधमाशी होती, कामेलिनाने त्रिशूळ घेतला.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते ती या नाण्याची कड. नाणे बोटांत धरून हळूहळू फिरवले की उठावाची अक्षरे नखाला लागत जातात आणि त्यांचा अर्थ होतो, ‘देव फ्रान्सचे रक्षण करो’. ज्या कम्यूनने २ एप्रिलला चर्च आणि राज्य यांची फारकत करणारा हुकूम काढला, तिच्याच नाण्याच्या कडेवर हे वाक्य राहिले, कारण शहराला वेढा पडलेला असताना सगळे नवे ठसे कोरून घ्यायला सवड कुठली मिळणार? जुन्या ठशांवर एक त्रिशूळ, एवढाच बदल त्यांना जमला. तेवढ्यासाठीही त्यांनी टांकसाळ बंद पडू दिली नाही, याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. १६७४च्या राज्याभिषेकाबरोबर शिवाजी महाराजांनी स्वतःचे होन आणि शिवराई का पाडल्या, हे आपण शाळेपासून जाणतो. (आपल्या शेजारच्या साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायनिवाडे केले, पण नाणे पाडले नाही. मला त्याची कधी कधी हळहळ वाटते.)

कम्यून पडल्यावर ही नाणी बऱ्याच प्रमाणात पुन्हा आटवली गेली. अशा सरकारांची चांदी दुर्मिळ होण्याचे खरे कारण मला यातच दिसते. कागदी नोट रद्द झाली तरी एखाद्याच्या ट्रंकेत पडून राहते, पण चांदीला नेहमीच भाव असतो आणि म्हणून ती मुशीत जाते.

माझे मामा विट्याकडचे. त्या भागातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचेही आयुष्य परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, भट्टीसमोर गेले. मी त्यांच्या हातावर मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतातले १९१४चे दोन पेसोचे नाणे ठेवले. मेक्सिकोच्या क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो सापाता याच्या पक्षाच्या बंडखोरांनी काम्पो मोरादोच्या खाणीवर पाडलेल्या या नाण्यावर डोंगरांच्या माथ्यावर तळपणारा सूर्य आहे आणि ‘सुधारणा, स्वातंत्र्य, न्याय आणि कायदा’ अशी त्यांची घोषणा आहे. शिवाय नाण्यात सोने किती, तेही ग्रॅममध्ये लिहिले आहे, कारण त्या खाणीच्या चांदीत सोने मिसळलेले असे आणि ते वेगळे काढण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती.

मामांनी नाणे उलटेपालटे करून पाहिले. “सोनं काढून न घेता तसंच पाडलं? तेजाब नव्हतं व्हय त्यांच्याजवळ?”

“नव्हतं, मामा. कारखानाच नव्हता.”

“मग इमानदार माणसं म्हणायची. आत काय हाय ते लिवून तरी ठेवलं.”

मी अनेक सूचिपत्रे चाळली आहेत, पण या नाण्याविषयी याहून नेमके कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मग त्यांनी नाणे माझ्याकडे परत दिले आणि आपल्या भट्टीत असली किती गेली असतील ते कुणी बघितलंय, असे पुटपुटत चहाची कपबशी हातात घेतली.

त्याच मेक्सिकोतल्या दुरांगो प्रांतात, कुएन्कामे येथे, १९१४ साली एक पेसो पाडला गेला, ज्यावर ‘उएर्ताला मरण येवो’ असे शब्द सरळ कोरलेले आहेत. अध्यक्ष मादेरोच्या हत्येच्या सुमारास, १९१३ साली, सत्ता बळकावलेल्या विक्टोरियानो उएर्ताला उद्देशून ते होते, आणि जुलै १९१४मध्ये तो पायउतार झाला. हे नाणे बाळगणाऱ्याला गोळी घालण्याचा हुकूम उएर्ताने काढला होता, असे संग्राहकांत सांगितले जाते.

या नाण्याच्या बाबतीत मी फसलो. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी ते मोठ्या आनंदाने घेतले आणि दोन दिवस उशाशी ठेवून झोपलो. तिसऱ्या दिवशी दहापट भिंगाखाली अक्षरांच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, आणि कडेवर सर्वत्र फिरलेली एक पुसट रेघ दिसली. ठशाने ठोकलेल्या नाण्यात असे खड्डे पडत नाहीत. ते साच्यात धातू ओतल्याचे लक्षण आहे. काट्याचा येथे काही उपयोग झाला नसता, कारण धावपळीत पाडलेल्या खऱ्या नाण्यांचीच वजने एकमेकांशी जुळत नाहीत. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत.

तेव्हापासून मी त्रिशूळाचे नाणे पाहताना खुणेभोवतीचा धातू आधी पाहतो. मधमाशी खरवडून त्रिशूळ कोरला असेल, तर तिथली जमीन आजूबाजूपेक्षा किंचित खोल गेलेली आणि ओरखडलेली दिसते. माझ्या नाण्यात ती सपाट आहे आणि कोपऱ्यांतला काळपटपणा खुणेच्या आतपर्यंत सारखाच पोचला आहे. सराफाने ते चमकवून देऊ का, असे आपुलकीने विचारले. मी नको म्हटले आणि ते होते तसेच कागदाच्या पाकिटात ठेवून घरी आणले.