दक्षिणेची खिडकी

२१ डिसेंबर, रविवार. रात्रीचे नऊ.

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. पावणेसातला उजाडलं आणि साडेपाच वाजून गेले तशी गल्लीत दिवे लागले. जूनमध्ये इथे नागपुरात जवळजवळ साडेतेरा तासांचा दिवस असतो, आता अकराही भरत नाहीत.

दिवाळीनंतर आई काटोलकडचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. बाबांशिवायची तिची ही पहिलीच थंडी. सकाळ कशीबशी निघते, पण कातरवेळेला ती अगदी गप्प होते. मी ऑफिसातून येते तेव्हा बाहेर पूर्ण अंधार, आत आई दिवा न लावता बसलेली. नोव्हेंबरभर मला त्या वेळेची धास्ती वाटायची.

तिला खोली दिली ती दक्षिणेची. मनात थोडं चरकलं होतं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, लोक तर दक्षिणेकडे दार असलेलं घरही नको म्हणतात. पण दुसरी खोली नव्हती. मे महिन्यात त्या खिडकीतून उन्हाची तिरीपही आत येत नाही, सूर्य थेट डोक्यावर असतो. आणि आता? सूर्य दक्षिणेला इतका खाली उतरलाय की भर दुपारीही आपली सावली आपल्याच उंचीची पडते. त्यामुळे ऊन छज्ज्याखालून तिरपं शिरतं आणि पार आईच्या दिवाणाला जाऊन टेकतं.

हे आईच्या लक्षात आधी आलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिने माझ्या लेकीची पेन्सिल मागून घेतली आणि दुपारी ऊन जिथवर आलं तिथे फरशीवर रेघ मारली. मग दर रविवारी एक. सुरुवातीच्या रेघांमध्ये चार-चार बोटांचं अंतर होतं, पुढे ते कमी होत गेलं. आज सव्वाबाराला लेक पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसली.

"थांब, घाई नको करू. सरकून राहिलं ते अजून," आई म्हणाली.

आठवी रेघ मारली. सातवीच्या पुढे जेमतेम बोटभर.

मी किती वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. वर्षातला सगळ्यात अंधाराचा दिवस, आणि आजच ऊन घरात सगळ्यात आतवर आलंय. इतकी वर्षं या घरात राहून मी हे पाहिलंच नव्हतं. डोळे भरून आले, का ते नीट सांगता येणार नाही.

मग आम्ही तिघी त्याच उन्हात बसलो. सकाळी कॉटन मार्केटमधून तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या होत्या. सोलता सोलता आई शेतावरच्या भरिताचं सांगत होती. तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, वरून कच्चं तेल, पातीचा कांदा, आणि बाबांना हिरवी मिरची जास्त लागायची. बाबांचं नाव तिने सहज घेतलं. कितीतरी दिवसांनी. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा दोघांनी रात्रभर शेकोटी विझू दिली नाही म्हणे. ती हसत होती, पाठीवर ऊन, ओटीत टरफलं. लेक अर्धे सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, कच्चेच खात होती.

साडेपाचला दिवा आईनेच लावला. रात्री सोलेभात, त्यावर साजूक तूप, सोबत भाजलेला पापड.

झोपताना तिने विचारलं, "आता उद्यापासून ऊन मागं जाईल ना?"

म्हटलं, "जाईल, पण अगदी हळू. आठ-दहा दिवस तर रेघ हलल्यासारखी वाटायचीही नाही."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तर उद्या शेंगा अजून आणजो. दोन किलो."