लॉगफोरजेच्या मागे काढलेला डिसेंबर

शुक्रवार, १० डिसेंबर २०२१. लॅपटॉप बॅगेत गेला होता, तेवढ्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या ऑप्सवाल्या पोराचा फोन. "मॅडम, आपण लॉगफोरजे वापरतो ना?" म्हटलं, अरे, जावावाला कोण वापरत नाही? (प्रोग्राम चालताना काय घडलं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहिणारी ही जावाची लायब्ररी.)

भानगड अशी होती: लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत जेएनडीआयचा (दुसऱ्या सर्व्हरवरून वस्तू शोधून आणायची जावाची सोय) पत्ता आला, की ही लायब्ररी तो नुसता लिहून गप्प बसत नव्हती, त्या पत्त्यावर जाऊन विचारून यायची. पलीकडे हल्लेखोराचा एलडॅप (अशा विचारणांना उत्तर देणारा) सर्व्हर बसलेला असला, तर त्याने दिलेला कोड आपल्याच मशिनवर चालायचा. लॉगिनचा रकाना, ब्राउझरचा युजर एजंट, काहीही चालत होतं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून लोक सर्व्हर ताब्यात घेत होते. धोका मोजणाऱ्या सीव्हीएसएस मापात १० पैकी १०. आणि ही 'सोय' २०१३ पासून आत होती!

पॉम फायलींत (प्रोजेक्ट कुठल्या लायब्ऱ्या घेतो, त्याच्या याद्या) शोधलं. अकरा सर्व्हिसेस, त्यातल्या चारमध्ये सापडलं. जीव भांड्यात पडला, पण तासाभरातच बाहेर आला, कारण मेव्हन या बिल्डच्या साधनातून डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोण कुणाला घेतं त्याची वंशावळ, काढल्यावर चाराच्या आठ झाल्या. आपण ज्या लायब्ऱ्या घेतो, त्यांनी आपल्या पोटात ती आधीच घेतलेली असते. आठही ठिकाणी २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती चढवली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

डब्ल्यूएएफवर, म्हणजे वेबसाइटकडे येणाऱ्या विनंत्या गाळणाऱ्या फायरवॉलवर, नियमही टाकला होता. शनिवारी लॉग बघितले तर लोक 'जेएनडीआय' हा शब्द एकेक अक्षर सुटं करून, कंसात कंस घालून पाठवत होते. आमचा नियम त्यातले निम्मेसुद्धा पकडत नव्हता.

खरा उपयोग झाला तो एका साध्या प्रश्नाचा. आमच्या सरांनी विचारलं, "आपले सर्व्हर बाहेर कुणाशी बोलतात?" पेमेंट गेटवे, एसएमएस, मेल. बस्स. मग एवढंच उघडं ठेवून बाहेर जाणारं बाकी सगळं बंद केलं. (हे काम दोन वर्षं 'पुढच्या स्प्रिंटला' होतं. लाज वाटते.) रविवारी रात्री फायरवॉलच्या नकारांच्या यादीत एक ओळ दिसली: रिपोर्टचा सर्व्हर एका अनोळखी पत्त्याच्या १३८९ पोर्टवर (हल्लेखोरांच्या एलडॅप सर्व्हरचा नेहमीचा) जायला धडपडत होता.

तो आमच्या यादीतच नव्हता. रिपोर्टचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं. "आमच्यात लॉगफोरजे नाही," असं त्या कंपनीने मेलवर लिहूनही दिलं होतं. जारमध्ये (जावा कोडची गुंडाळलेली फाइल) जार, त्यातही जार, आणि तळाशी लॉगफोरजेचं जुनं २.११. फायलीच्या नावाने शोधून तो कधीच सापडला नसता; जेएनडीआय-लुकअप हा क्लास (पत्त्यावर जाऊन विचारून येणारा कोडचा तुकडा) आत आहे का, हेच बघावं लागलं. तो क्लास झिप कमांडने हाताने उडवला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि कुणी आधीच घुसून गेलंय का, हे बघायला मागचे सगळे लॉग चाळले. काही नव्हतं.

पुढे २.१६ आलं, मग २.१७, आणि २८ डिसेंबरला २.१७.१. दर वेळी तीच नऊ नावं, तोच डिप्लॉय, आणि "परत?" असं विचारणारे तेच मॅनेजर. चौथ्या खेपेला मी कारण सांगणं सोडून दिलं, नुसती वेळ कळवली.

रिपोर्टवाल्यांची नवी आवृत्ती फेब्रुवारीत आली. सोबतच्या पत्रात 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहिलं होतं. तरी मी तो जार उघडून बघितलाच.