पाटीवरचे ५०० वॅट

शनिवार, रात्री उशिरा

आज कॉम्प्युटर चौथ्यांदा विझला. निळा पडदा नाही, एरर नाही. रेंडर, म्हणजे फ्रेम तयार करण्याचं जड काम, सुरू होऊन दोन-तीन मिनिटं होतात आणि कुणी प्लग उपटावा तसा अंधार. पंखेसुद्धा थांबतात.

नवा प्रोसेसर बसवून आठवडाच झालाय. रायझन ५ २६०० काढला आणि त्याच मदरबोर्डावर रायझन ९ ५९००एक्स बसवला, सहा कोअरच्या जागी बारा. बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, आधीच अपडेट केलं होतं. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट लावली होती, तरी पहिला संशय उष्णतेवरच गेला. तापमान पाहिलं तर ठीक होतं. मग बायोसमध्ये इको मोड लावला, म्हणजे प्रोसेसर ८८ वॅटच्या वर जाणार नाही. तासभर रेंडर चाललं, एकदाही विझलं नाही.

तेव्हा कुठे नजर कॅबिनेटच्या तळाशी गेली. तिथला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नऊ वर्षांचा, आधीच्या कॉम्प्युटरमधून काढून इथे बसवलेला. अपग्रेडच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. फार रुखरुख वाटतेय.

रविवार

सकाळी वही घेऊन बसले. ५९००एक्स हा १०५ वॅटचा प्रोसेसर म्हणतात, पण सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत ओढायची त्याला मुभा असते. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६०, त्याचे १२०. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून अंदाजे ५० धरले. बेरीज ३१२. एसएमपीएसच्या पाटीवर ५००. मग अडतंय कुठे?

टॉर्च घेऊन पाटीवरची बारीक अक्षरं वाचली. १२ व्होल्टची रेल (त्या व्होल्टेजची वीज पुरवणारी वाट) ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेलवर मोजलेले, आणि त्यांचा मला फारसा उपयोगच नाही, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ वरूनच घेतात. तेही ३६० नव्या कोऱ्या एसएमपीएसचे. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातात, आणि लोड एकदम उसळला की व्होल्टेज सावरून धरणं त्यांना जमत नाही. १२ ची रेल ११.४ च्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. माझी कुठवर जात असेल?

उघडून बघावंसं फार वाटलं. नाही उघडला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठा राहू शकतो. हे मी कुणालाही हात धरून सांगेन.

आणखी एक गोष्ट आजच लक्षात आली. बोर्डावर प्रोसेसरसाठी आठ पिनांचं सॉकेट आहे, आणि जुन्या एसएमपीएसची केबल चारच पिनांची. त्यात १२ व्होल्टच्या तारा दोनच. नव्या प्रोसेसरला पूर्ण जोरात, बोर्डावरचा अपव्यय धरून, साधारण १३ अँपिअर लागतात, म्हणजे तारेमागे साडेसहा. आठ पिनांत अशा तारा चार होतात आणि प्रत्येकीवर सव्वातीन. जुना प्रोसेसर कमी ओढायचा म्हणून इतकी वर्षं निभावलं.

बुधवार

ठरलं. नवा एसएमपीएस ६५० वॅट, ८० प्लस गोल्ड हा कार्यक्षमतेचा बिल्ला असलेला, १२ ची रेल ५४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ सगळे वॅट तिथेच. मित्र ८५० घे म्हणत होता. पण माझा जास्तीत जास्त लोड ६५० च्याच निम्म्याच्या आसपास राहील, आणि उद्या थोडं मोठं ग्राफिक्स कार्ड आलं तरी जागा आहे. जास्तीचे वॅट नुसते पडून राहिले असते.

गोल्डच्या बिल्ल्याबद्दलही माझा समज चुकीचा होता. तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते, ब्राँझला ८५. ३०० वॅट द्यायचे तर उष्णतेत जाणाऱ्या वॅटांत वीसएकचा फरक. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर तो वेळेवर बंद होईल का, यातलं काहीच त्या बिल्ल्यावरून कळत नाही. म्हणून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे कपॅसिटर, दहा वर्षांची वॉरंटी आणि कुणीतरी उपकरणं लावून केलेली चाचणी, या तिन्ही गोष्टी पाहूनच निवडला.

शुक्रवार

बसवला. शेवटी एका डिस्कला वीज देणारी साटा केबल आखूड पडली, आणि हात सहज जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबलकडे गेला. नव्यात ती चपखल बसलीही असती. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर काय, याला कसलंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळं. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले असते तर डिस्क जळाली असती, आणि त्या डिस्कवर तीन वर्षांचं काम आहे. हात मागे घेतला. डिस्कच खालच्या खणात सरकवली.

जुना एसएमपीएस आणि त्याच्या सगळ्या केबल एकाच पिशवीत घालून गाठ मारलीय. इको मोड काढलाय. रेंडर दोन तास चाललंय, फ्रेम ४१२.