पद्मिनीसाठी कॅम निवडताना

मागच्या महिन्यात अण्णांच्या पद्मिनीचं, म्हणजे जुन्या प्रीमियर पद्मिनी कारचं इंजिन खोललं. 1984 ची गाडी, 1089 सीसी. उस्तादांनी, म्हणजे आमच्या मेकॅनिकनं, कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) बाहेर ओढला, रॉकेलनं पुसला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "तीन नंबरच्या एक्झॉस्टवर नख फिरवून बघा." नख अडकलं. लोबच्या, म्हणजे जळका वायू सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याच्या टोकावर मोहरीएवढे खड्डे पडले होते. डायल गेज लावला तर त्या लोबची लिफ्ट (उचल) बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. त्याचा टॅपेट, म्हणजे लोबवर टेकून वर-खाली होणारा तुकडा, उलटा करून पाहिला, तळावर एकाच रेषेत घासल्याची खूण होती. टॅपेट चालताना स्वतःभोवती हळूहळू फिरला पाहिजे. फिरायचा थांबला की एकाच जागी घासतो आणि स्वतःसोबत लोबलाही खातो.

कॅम बदलायचा हे तिथंच ठरलं. कोणता बसवायचा, यावर मात्र आमची आठ दिवस चर्चा चालली.

उस्तादांचा पहिला प्रश्न होता, "गाडी फिरती कुठं, ते आधी सांगा." ही गाडी मी बीडमध्ये फिरवतो, महिन्यातून दोनदा मांजरसुंबा, नेकनूर, केजवरून अंबाजोगाईला सासरी नेतो. चौथ्या गिअरमध्ये साठ-पासष्टचा वेग. म्हणजे इंजिन मिनिटाला दोन ते तीन हजार फेऱ्यांतच राहतं. पाच हजाराला काय होतं, याच्याशी मला खरंच काही देणंघेणं नाही.

हे मला 2012 मध्ये कळायला हवं होतं. तेव्हा मी हौसेनं मोठ्या ड्युरेशनचा (वॉल्व्ह जास्त काळ उघडा ठेवणारा), रेसिंगसाठी घासून घेतलेला कॅम बसवला. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जास्त फेऱ्यांवर छान ओढायचं. पण त्याच वर्षी मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. मागच्या सीटवर अण्णा आणि आई, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग वीसच्या खाली. पायाखाली जोरच नव्हता. गाडी तीन वेळा बंद पडली, मागे ट्रकवाले हॉर्न देत होते. अण्णांनी उतरून चाकाला दगड लावला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही दिसतो.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पिस्टन खालून परत वर निघाला तरी इनलेट वॉल्व्ह (हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा) थोडा वेळ उघडाच असतो. इंजिनचा वेग जास्त असेल तर आत येणारं मिश्रण आपल्या वेगानंच येत राहतं, सिलिंडर गच्च भरतो. वेग कमी असेल तर पिस्टन तेच मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. मोठ्या ड्युरेशनचा कॅम इनलेट आणखी उशिरा बंद करतो, म्हणजे कमी फेऱ्यांतला जोर गेला. त्याची भरपाई कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) वाढवून करावी लागते आणि पद्मिनीचं कॉम्प्रेशन मुळातच कमी. शिवाय दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळही वाढतो, त्यानं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनचं मंद चालणं, बिघडतं. सिग्नलवर इंजिन धडधडत उभं राहतं. काहींना तो आवाज आवडतो. मला माझ्या आईला शांत बसवून न्यायचंय.

आकडे बघतानाही सावध राहा. एकाच कॅमचं ड्युरेशन वॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजलं तर मोठं येतं, 0.050 इंच लिफ्टपासून मोजलं तर बरंच कमी. दोन कॅमची तुलना करायची तर दोघांचं माप एकाच पद्धतीनं घेतलेलं असावं, नाहीतर निवड चुकते.

शेवटी भंगारातून मिळालेला, कमी झिजलेला मूळ कॅम घेतला आणि संभाजीनगरला ग्राइंडिंग करून आणला. ड्युरेशन मूळचंच ठेवलं, लिफ्ट थोडी वाढवली. ग्राइंडिंगमुळं लोबचा गोल भाग लहान होतो, टॅपेट खाली बसतो, म्हणून रॉकरच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) स्क्रूला पुरेसे आटे उरतात का ते बघून घेतलं. पूर्ण लिफ्टवर वॉल्व्ह स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही. टॅपेट आठही नवे. जुना टॅपेट नव्या लोबवर कधीच चालवू नये, भले तो चांगला दिसो. टायमिंग चेनही नवी, कारण ताणलेली चेन कॅमला मागं पाडते.

सुरू करताना मात्र हात कापत होते. लोबवर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट, जस्त-फॉस्फरसवालं ऑइल, आणि इंजिन पकडताच आयडलवर न सोडता सरळ दोन हजारावर, वीस मिनिटं. सुरुवातीला लोबवर तेल उडतं ते वेगामुळंच, म्हणून मंद चालवायचं नाही. उस्ताद रेडिएटरवर पाणी मारत उभे होते, मी घड्याळाकडं बघत. नंतर ऑइल काढलं, चाळणीवर ओतलं. चकाकणारा एकही कण नव्हता.

परवा अंबाजोगाईला जाऊन आलो. घाटात पुन्हा ट्रॉली होतीच. दुसऱ्या गिअरमध्ये, पायाचा अंगठा जेमतेम दाबलेला, गाडी तिच्या मागं शांत चढत राहिली. आता 500 किलोमीटरवर टॅपेट क्लिअरन्स (वॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) पुन्हा तपासायचाय, तीन नंबरच्या एक्झॉस्टपासून.