ट्रोलहेटान: साबचं गाव आणि नेव्ह्सचा कारखाना

स्वीडनला येऊन ट्रोलहेटान बघायचं नाही असं माझ्याकडून होणारच नव्हतं. गॉथेनबर्गहून ट्रेनने साधारण पाऊण तास. गाव छोटंसं, योता नदीवरचं, आणि तिथला धबधबा वीजकेंद्रासाठी अडवलेला, त्यामुळे एरवी नुसता कातळ दिसतो, उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दरवाजे उघडले की पाणी कोसळतं. टुरिस्ट त्यासाठी येतात, मी साबसाठी, म्हणजे इथे बनणाऱ्या त्या स्वीडिश गाड्यांसाठी आलो होतो.

साबचं म्युझियम जुन्या कारखान्यांच्या वस्तीत आहे. तिथे १९४० च्या दशकातली 'उर्साब' बघून पाय निघेना. विमानं बनवणाऱ्या इंजिनियर लोकांनी बनवलेली पहिली गाडी, बाजूने बघितलं तर थेट विमानाच्या पंखाचा आकार, चाकंसुद्धा पत्र्याने जवळजवळ झाकलेली. पुढे साबच्या '९००' मॉडेलमध्ये डोकावलो तर चावीची जागा स्टिअरिंगपाशी नाहीच, दोन सीटच्या मध्ये, गिअरजवळ! गाड्यांच्या वेड्यांना हे ठाऊक असतं, पण प्रत्यक्ष बघायची मजा वेगळीच.

हे सगळं विकलं जाणार होतं. अमेरिकेच्या जीएमने (जनरल मोटर्स) १९९० मध्ये अर्धी आणि २००० मध्ये पूर्ण साब ऑटोमोबाईल घेतली, २०१० ला स्पायकर या डच गाडी कंपनीला विकली, आणि १९ डिसेंबर २०११ ला कंपनीचं दिवाळं निघालं. चिनी कंपन्या पैसे घालायला तयार होत्या पण आपली टेक्नॉलॉजी तिकडे जाईल म्हणून जीएमने अडवलं. तीन हजारांवर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्युझियमच्या गाड्या तेवढ्या नगरपालिका, विमानं बनवणारी मूळची वेगळी साब कंपनी आणि वॉलेनबर्ग फाउंडेशनने मिळून वाचवल्या, त्यांचे खरंच उपकार आहेत.

मग २०१२ ला नेव्ह्स आली, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिक व्हेइकल स्वीडन. तिचे संस्थापक काई योहान जिआंग यांनी कारखाना आणि साबच्या '९-३' मॉडेलचा सगळा सांगाडा घेतला, त्यावर इलेक्ट्रिक गाडी काढायची असा बेत. पण सुरुवात केली पेट्रोलच्या ९-३ ने, डिसेंबर २०१३ ला, आणि २०१४ च्या मे महिन्यात पैशांअभावी लाइन थांबली. त्यात साब हे नाव वापरायची परवानगीही गेली. माझ्या मते खरा घात इथेच झाला, मशीन आहेत, माणसं आहेत पण लोक ज्या नावासाठी गाडी घेतात तेच नाही. २०१९ मध्ये चीनच्या एव्हरग्रांद या बांधकाम कंपनीने ५१ टक्के हिस्सा घेतला, पुढे तीच कर्जात बुडाली, आणि मार्च २०२३ ला नेव्ह्सने ३४० पैकी ३२० जणांना कमी करायचं ठरवलं.

मी तळेगावकडचा, आमच्याकडेही जीएमचा प्लांट २०२० च्या डिसेंबरात बंद पडला, पुढे ह्युंदाईने घेतला. त्यामुळे गावाबाहेर स्टालबाकाला साबच्या कारखान्याच्या त्या लांबच लांब शेडसमोर उभं राहिल्यावर गलबलून आलं.

आणि सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती 'एमिली जीटी'ची. नेव्ह्सच्या इंजिनियर लोकांनी त्या पडत्या काळातही ही इलेक्ट्रिक गाडी उभी केली, चारही चाकांत मोटर, एका चार्जमध्ये १००० किमीचं टार्गेट, चालते प्रोटोटाइप तयार! ज्यांनी ती बनवली त्यांना नीट पैसा आणि चार-पाच वर्षं मिळायलाच हवी होती, असं मला अगदी मनापासून वाटतं.